येताना वारा पाठीशी असतो

आमच्या घरमालकांना किलोमीटरमध्ये सांगितलेलं अंतर चालत नसे. नागपूरच्या प्रताप नगरातली त्यांची वरची खोली बघायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी विचारलं, "गाव किती तासावर?"

"चंद्रपूर. दीडशे किलोमीटर," मी म्हणाले.

"तास म्हटलं मी."

"बसनं साडेतीन."

"बसचं काय सांगून राहिली!" ते म्हणाले. "बसच्या गावाले अंतर नसते. अंतर विमानाचं. आमचा मुलगा टोरंटोले असते. सव्वीस तास. त्याच्या दारापासून ह्या फाटकापर्यंत."

"पोरीले आधी पाणी तं विचारा," आतून काकूंचा आवाज आला. "सव्वीस तासानं पाजसान का?"

ती खोली मी घेतली ती बहुधा काकूंच्या त्या वाक्यामुळे. मी तीन वर्षं तिथे राहिले. त्या तीन वर्षांत काका माझ्याशी दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलले असतील तर ते मला आठवत नाही. मलाही ते सोयीचं होतं. ज्या माणसाला फक्त सांगायचं असतं, त्याच्यासमोर आपल्याला काही बोलावं लागत नाही.

सव्वीस तासांचा हिशेब ते पाढ्यासारखा म्हणत. त्याच्या घरापासून विमानतळ एक तास. तिथे आधी पोचायचं ते तीन तास. उडण्याचे चौदा. दिल्लीत साडेपाच, कारण पासपोर्टची रांग आणि सामान आणि मग दुसरं विमान. दिल्ली ते नागपूर पावणेदोन. सामानाचा पट्टा, रिक्षा आणि फाटक मिळून पाऊण. विमानांचं वेळापत्रक उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात बदलतं, तेव्हा ते शाळेच्या वहीत सगळं नव्यानं मांडत. कुठल्या तरी देशानं आपलं आकाश बंद केलं अशी बातमी आली की दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नसे. एकदा चौदाचे पंधरा झाले होते. तेव्हा त्यांनी मला जिन्यात अडवून, घरात कोणी आजारी असल्यासारखं हलक्या आवाजात सांगितलं, "सत्तावीस झाले वं."

त्यांच्याकडे पृथ्वीचा एक गोल होता आणि त्यावर मोजायला सुताचा दोरा. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात हातमाग होता. वडील नोकरीला लागले, आणि काका सरकारी कचेरीत नकाशे ट्रेस करण्याच्या कामावर निवृत्त झाले. मागातलं एवढंच त्यांना येत होतं की सुताला खळ द्यायची, म्हणजे ते ताणत नाही. दर पावसाळ्यानंतर ते दोऱ्याला भाताची खळ देत, दोरीवर वाळवत, आणि मग नागपूरवर एक टोक धरून दुसरं टोरंटोवर नेत. एक वीत आणि वर चार बोटं. दोरा सरळ पश्चिमेला जात नाही, जवळजवळ ध्रुवाकडून वळसा घेऊन जातो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. माझ्या शाळेत भूगोल इंग्रजीत होता आणि मला त्यात पंच्याण्णव गुण होते, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"आपण एकोणऐंशी, तोही एकोणऐंशी," ते रेखांशावर बोट ठेवून म्हणत. "आपण पूर्व, तो पश्चिम. इतकाच फरक आहे आमच्यात."

ते स्वतः कधी विमानात बसले नव्हते. मुलानं दोनदा बोलावलं होतं म्हणे. मी एकदा चुकून विचारलं, की काका, इथून तिकडे जायला किती तास लागतात? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अश्लील विचारलं होतं.

"ते मी काढत नाही. यायचं त्यानं आहे." आणि मग समजूत घातल्यासारखं, "जाताना वारा तोंडावर येते, वेळ जास्त लागते. येताना वारा पाठीशी असतो. येणं सोपं असते."

मी ऑफिसातून आले की माझ्या फोनवर उडणारी विमानं बघायला ते जिन्याखाली उभे राहत. ते अॅप मीच त्यांना दाखवलं होतं आणि नंतर मी खूप पस्तावले. "ए इंग्लिश मीडियम," ते हाक मारत, "पाह्य बरं, आपलं कोठी आलं?" आपलं म्हणजे टोरंटोहून दिल्लीला येणारं. त्यात त्यांचं कोणी नसे. मी तीन वर्षं होते, त्यात मुलगा एकदाच आला होता, आठ दिवसांसाठी, आणि त्यातले चार पुण्यात बायकोच्या माहेरी गेले. पण काका रोज विमान पाहत. ते उतरलं की "बराबर" म्हणत आणि घरात जात.

मुलगी मात्र दर शनिवारी यायची.

तिला मी ताई म्हणायचे. ती पारशिवनीला दिलेली होती. घरी थोडी शेती, नवरा शाळेत शिपाई. सकाळी बसनं यायची, हातात पिशवी, त्यात हंगामाप्रमाणे तुरीच्या शेंगा नाहीतर नवा तांदूळ. आल्यावर काकूंच्या डोक्याला तेल लावायची, त्यांची औषधं डब्यात भरायची, पंख्याची पाती पुसायची, आणि दुपारी परत. काका म्हणत, "आली का?" एवढंच. निघताना तेही नाही.

एका शनिवारी तिला उशीर झाला. फाटकात चप्पल घालता घालता तिनं विचारलं, "बाबा, पारशिवनीची आखरी बस किती वाजताची असते?"

"स्टँडवर विचार," काका म्हणाले. त्यांची मान वर होती. आमच्या भागावरून उतरणारं एक विमान ते बघत होते. "दिल्लीचं आहे. आज अकरा मिनिटं लवकर."

ताईनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "पाह्यलं का वं? मी दिल्लीहून आली असती तं मलेही पाह्यलं असतं." आणि हसली. ती नेहमी हसायची. मला तिचं ते हसणं आवडत नसे, कारण ते खरं होतं.

काकू माझ्याशी बोलायच्या त्या स्वयंपाकघरात. मी फारसं बोलत नाही हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि त्याचा पुरेपूर फायदा घेतला. "तुले सांगितलं की विहिरीत टाकलं," असं त्या म्हणत. गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी त्या पाटवड्या थापत होत्या आणि मी ओट्याला टेकून उभी होते. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "मी गेली ना, तं माह्या पोरीनं अग्नी द्यावा मले. कोणाची वाट नाही पाहायची. ह्या माणसाचं मले भेव आहे. हा मले ठेवन सव्वीस तास."

मी हसले.

"हसू नको. माह्यानं थंडी सहन होत नाही. त्या थंड पेटीत नाही ठेवाचं मले." मग पाटवडीवर खोबरं दाबत म्हणाल्या, "तू ध्यानात ठेव. बाकी कोणी ऐकतच नाही इथं."

मी मान हलवली. ध्यानात ठेवणं मला जमतं.

जानेवारीतल्या एका सकाळी चहा ठेवायला उठलेल्या काकू गॅसपाशीच पडल्या. डॉक्टर येऊन गेले तेव्हा सात वाजले होते. काकांनी ताईला फोन करायला मला सांगितलं. मुलाला त्यांनी स्वतः केला. मी शेजारीच उभी होते, म्हणून ते बोलणं मला पूर्ण ऐकू आलं. "आई गेली. तुझ्याकडचं रात्री एकचं विमान आहे. निघ." आणि ठेवला. तिकडून कोणी काही बोललं असेल तर ते ऐकायला ते थांबले नाहीत. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेसात झाले होते.

"उद्या सकाळी साडेनऊले तो फाटकात," त्यांनी जमलेल्या शेजाऱ्यांना सांगितलं. "तोवर ठेवाचं."

शेजाऱ्यांनी ते मानलं. काकांचं वेळापत्रक कधी चुकत नाही हे गल्लीला माहीत होतं. एक गोष्ट मात्र त्यांनी मुलाला विचारली नव्हती, की तू येतोस का. ती विचारायची असते हेच त्यांच्या ध्यानात आलं नसावं. इतकी वर्षं त्यांनी प्रवासातला प्रत्येक तास मोजला होता, आणि येणाऱ्याचं येणं धरून चालले होते.

साडेआठ वाजता मुलाचा मेसेज मला आला. काकूंचे व्हिडिओ कॉल मी लावून द्यायचे, म्हणून माझा नंबर त्याच्याकडे होता. त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं. येणं शक्य नाही, कामाचं आहे, समजावून सांगणं कठीण आहे. बाबांना सांग की सीट मिळाली नाही. सीटचं कारण त्यांना पटेल. शेवटी आभार आणि हात जोडल्याचं चित्र. इंग्रजीत नकार फार सभ्य दिसतो. त्या घरात ती भाषा आम्हा दोघांचीच होती, म्हणून त्यानं ते काम मला दिलं.

मी फोनवर त्या विमानातल्या जागांचा नकाशा उघडून पाहिला. रिकाम्या जागा त्यात निळ्या दिसतात. निळ्या भरपूर होत्या.

काका मागच्या अंगणात नळापाशी एकटे उभे होते. मी गेले आणि म्हणाले, "काका, दादांचा मेसेज आलाय. सीट नाही मिळाली म्हणतात."

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. मेसेज मी बंद केला होता, पण विमानाचा तो नकाशा तसाच उघडा होता. नकाशा वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी एका निळ्या चौकोनावर बोट ठेवलं. खिडकीची जागा होती. ती निवडली गेली, हिरवी झाली. त्यांनी फोन मला परत दिला.

"सव्वीस तास होऊ दे," ते म्हणाले.

"काका, पण—"

"कोणाले काही सांगू नको. सव्वीस तास होऊ दे."

त्या क्षणी माझ्याजवळ दोन निरोप होते. एक मी दिला होता. दुसरा, पाटवड्या थापताना दिलेला, माझ्या तोंडाशी आला आणि काका आत निघून गेले. मी त्यांच्या मागे जाऊ शकले असते. बैठकीत पंधरा-वीस माणसं होती. मला पंधरा-वीस माणसांसमोर बोलता येत नाही. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि ते मला पुरेसं वाटलं.

दहाच्या आत शव ठेवायची काचेची पेटी आली आणि पाठोपाठ ताई. फोन गेल्यापासून अडीच तासांत ती पारशिवनीहून दारात होती, तेही बस सोडून मिळेल त्या जीपनं. पेटीचं झाकण लावलेलं बघून ती थबकली.

"बाबा, आईले काहून ठेवून राहिले? मी आहो ना. आज दुपारीच नेऊ."

"तो येऊन राहिला," काका म्हणाले.

ते ऐकून ताई खाली बसली. भाऊ येतोय म्हटल्यावर तिच्यापुढे प्रश्नच राहिला नाही. पेटीची मोटर घुरघुरत होती. तिनं आपली शाल काढून पेटीच्या काचेवर घातली. एका बाईनं सांगितलं, अगं बाहेरून घालून काय उपयोग. तिनं काढली नाही.

आणि काका विमान सांगत राहिले. साडेअकराला म्हणाले, "उडालं." दोन वाजता म्हणाले, "आता ग्रीनलंडपाशी असन." इतवारीतून आलेला त्यांचा पुतण्या कौतुकानं म्हणाला, "काका, तुम्ही तं त्याच्या संग बसल्यासारखेच!" काकांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीही दिसलं नाही, आणि मी चेहरे नीट बघते.

संध्याकाळी ताईनं मला जवळ बोलावलं. "तुह्या फोनात दिसते ना वं? दाखव ना, कोठी आला दादा?"

मी अॅप उघडलं. निळ्या पाण्यावर एक पिवळं विमान होतं. ताईनं त्यावर हलकेच बोट फिरवलं. "ये गा लवकर," ती त्या विमानाला म्हणाली. "आई थांबली आहे."

विमान खरं होतं. एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

दुसऱ्या दिवशी नऊलाच काका फाटकात जाऊन उभे राहिले. इस्त्रीचा सदरा घातला होता. साडेनऊ झाले. दहाला पाच कमी असताना ते आत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दिल्लीत धुकं आहे. अडकला तो. आज नाही हलत विमान."

जानेवारीत दिल्लीत धुकं असतं. सगळ्यांनी माना हलवल्या, कोणीतरी हवामानाला शिवी दिली, आणि माणसं उठून बांबू बांधायला लागली. इतका चांगला बनाव घाईत सुचत नाही. तो त्यांनी आदल्या दिवशीच ठरवला असणार.

ताई उभी राहिली. "मग मी देते अग्नी."

"घरात माणसं आहेत," काका म्हणाले आणि पुतण्याकडे बघितलं.

"बाबा, मी पोटची आहो."

"म्हटलं ना."

पुतण्यानं मडकं उचललं. तो भला माणूस होता, अवघडून गेला होता. ताई घाटापर्यंत चालत गेली आणि मागे बायकांत उभी राहिली. मी तिच्या शेजारी होते. तिनं माझा हात धरला होता. त्या हातात बोलण्याइतका जोर होता, पण मी काही बोलले नाही.

तेरवीला मुलगा आला. कोणीतरी विचारलं, "लय धुकं होतं म्हणे?" त्यानं वडिलांकडे बघितलं आणि तो म्हणाला, "हो. फारच." दोघांना एकमेकांना काही सांगावं लागलं नाही. मग काकांनी त्याला विचारलं, "यावेळी विमान वेळेवर होतं का?"

"वीस मिनिटं लवकर, बाबा."

"वारा पाठीशी असते," काका म्हणाले, आणि मला त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं. त्या दिवसापर्यंत मी त्यांना विक्षिप्त समजत होते. विक्षिप्त माणसाला आपण पुष्कळ माफ करतो. तो शब्द मी तेव्हापासून त्यांच्यासाठी वापरलेला नाही. इथेही वापरायचा नव्हता.

फेब्रुवारीत मी खोली सोडतेय हे सांगायला खाली गेले. मुलगा परत गेला होता. काका एकटेच बसले होते. मी दोन वाक्यं पाठ करून गेले होते. पहिलं खोलीचं सांगितलं. मग दुसरं.

"काका, काकूंनी मला सांगितलं होतं, ताईनं अग्नी द्यावा. पेटीत ठेवू नये. मी तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. माझी चूक झाली."

मला वाटलं होतं ते रडतील. किंवा मला हाकलतील. मी महिनाभर दोन्हीची तयारी केली होती.

"तुले एकटीले नाही सांगितलं," ते म्हणाले. "मलेही सांगितलं होतं. दोनदा."



"मग ताईला का नाही सांगितलं?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही असं वाटलं. मग एखाद्या मंद मुलीला विमानाचा मार्ग समजवावा तसं ते शांतपणे म्हणाले, "तिले सांगितलं असतं तं तिनं केलं असतं ना. मग लोकं म्हटले असते, पोरगा होता आणि पोरीनं केलं. धुकं म्हटलं तं तो आल्यासारखा झाला."

पुढच्या शनिवारी मी पारशिवनीची बस धरली. पाऊण तास थांबल्यावर बस सुटली आणि दीड तासात पोचली. ताई अंगणात तुरी पाखडत होती. मला बघून तिला इतका आनंद झाला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. पण मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. काकूंचं बोलणं, दादांचा निरोप, निळ्या जागा, सव्वीस तास होऊ दे, धुकं. मी आयुष्यात एका दमात इतकं कधी बोलले नव्हते.

ताईचं सूप मध्येच थांबलं होतं.  तिनं ते खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

"तेव्हा काहून नाही बोलली वं?"

मी म्हणाले, की मला लोकांत बोलता येत नाही, ताई. कधीच जमलं नाही.

"दादाचा निरोप तं दिला तू," ती म्हणाली. मग उठली, पदरावरचा कोंडा झटकला, आणि मला जेवायला वाढायला आत गेली.